लॅपटॉपवरून ऐकायचं की स्ट्रीमर घ्यायचा? घरच्या हाय-फायच्या पहिल्या पायऱ्या

इंटरनेटवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या महागड्या यंत्राचं, म्हणजे म्युझिक स्ट्रीमरचं, झाकण काढलं तर आत बहुधा एक छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी, नेटवर्कचं सॉकेट आणि या सगळ्यावर चालणारं लिनक्स निघतं. म्हणजे तोही संगणकच. फरक एवढाच की त्याला एकच काम नेमून दिलेलं आहे. ते करताना तो सहसा पंखा फिरवत नाही आणि मेल आल्याची घंटा वाजवत नाही. ती घंटा मी ऐकलेली आहे. विलंबित ख्यालात गायक समेवर येत होता, आणि मोठ्या स्पीकरमधून पूर्ण आवाजात ‘टिंग’. त्या रात्री मी स्ट्रीमरच्या किमती बघायला बसलो. घाई झाली, कारण तो त्रास सेटिंगमध्ये दोन मिनिटांत मिटणारा होता.

दुकानात गेलात तर ऐकू येतं की कम्प्युटरमधून चांगला आवाज निघतच नाही. तंत्रज्ञ मित्राला विचारलं तर तो म्हणतो, बिट ते बिट, कशातूनही पाठवा. दोघांचंही अर्धं खरं आहे. या लेखातला क्रम म्हणून असा आहे: घरात असलेला लॅपटॉप आधी नीट लावायचा, महिनाभर त्यावर ऐकायचं, काय खुपतं ते लिहून ठेवायचं आणि मगच खिशात हात घालायचा.

पहिली पायरी: आपल्या साखळीत काय काय आहे ते बघा

गाणं कुठून तरी येतं. ती डिस्कवरची फाइल असेल किंवा इंटरनेटवरची सेवा. एक यंत्र ती वाचतं. मग डॅक त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करतो, अ‍ॅम्प्लिफायर ती लहर मोठी करतो आणि स्पीकर हवा हलवतो. ‘स्ट्रीमर की कम्प्युटर’ हा वाद फक्त वाचणाऱ्या यंत्राबद्दलचा आहे. आवाजाचा सगळ्यात मोठा फरक स्पीकर आणि खोली करतात, त्यांच्यामागून बाकीचे. एकूण रकमेतली निम्मी किंवा त्याहून जास्त स्पीकरवर गेली नसेल, तर स्ट्रीमरचा विचार सध्या बाजूला ठेवा.

‘स्ट्रीमर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, तिथे नवखा माणूस हमखास फसतो. एका प्रकारात डॅक आतच असतो, त्यामुळे तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतो. दुसऱ्यात डॅक नसतो, तो फक्त डिजिटल सिग्नल बाहेर देतो. त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे यूएसबी, ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल असं लिहिलेलं सॉकेट असेल, तर आत डॅक आहे. मग दुसऱ्या डॅकचे पैसे देऊ नका. आधी मागची बाजू टॉर्च घेऊन बघा, फोनवर फोटो काढून ठेवा. दुकानात तोच उपयोगी पडतो.

थोडे आकडे हाताशी असू द्या. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा सोनी आणि फिलिप्सनं ठरवलेलं माप अजून चालू आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, दोन चॅनल. याचा वेग सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट होतो. सीडीहून बारीक मापाच्या फाइलना हाय-रेझ म्हणतात; २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची (सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची) अशी फाइल सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट घेते. घरातल्या वायफायला किंवा दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला यातलं काहीच जड नाही. तेव्हा ‘हाय-रेझसाठी ताकदवान मशीन लागतं’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

दुसरी पायरी: लॅपटॉप नीट लावणं

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडून ‘कम्प्युटरचा आवाज वाईट’ असा निकाल देणं अन्याय आहे. त्या भोकामागचा डॅक मदरबोर्डच्या गोंगाटात बसलेला असतो. कित्येक लॅपटॉपवर माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक खरखर येते ती यामुळेच. बाहेरचा यूएसबी डॅक घ्या. अगदी सुरुवातीला अ‍ॅपलचं यूएसबी-सी ते हेडफोन असं छोटं अ‍ॅडॅप्टरही चालेल. त्या बोटभर वायरीत खराखुरा डॅक असतो आणि तो २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत जातो.

आजचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस पद्धतीनं चालतात. म्हणजे नमुने कोणत्या क्षणी वाजवायचे हे डॅकमधलं घड्याळ ठरवतं, आणि कम्प्युटर फक्त मागेल तसा माल पुरवतो. कम्प्युटरचं घड्याळ डगमगतं म्हणून आवाज बिघडतो ही तक्रार त्यामुळे या जोडणीला फारशी लागू पडत नाही. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सियलमध्ये मात्र घड्याळ सिग्नलबरोबर येतं आणि डॅकला ते त्यातून वेचून घ्यावं लागतं. चांगले डॅक ते नीट करतात.

खरी गडबड ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरमध्ये होते. विंडोज सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करतं आणि त्यासाठी सगळ्यांना एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला किती नमुने, त्या मापावर) आणतं. तुमची ४४.१ची फाइल गुपचूप ४८ होऊन बाहेर पडते. वरच्या ‘टिंग’चा उगमही तोच. उपाय म्हणजे प्लेअरला डॅकचा पूर्ण ताबा देणं. विंडोजवर याला वासापी एक्सक्लुझिव्ह मोड म्हणतात. फूबार२००० हा फुकट प्लेअर उघडा, प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली आउटपुटवर जा आणि डॅकच्या नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला पर्याय निवडा. काम झालं. विंडोज १०मध्ये २०१७पासून बहुतेक यूएसबी डॅक वापरतात त्या पद्धतीचा, म्हणजे यूएसबी ऑडिओ क्लास २चा, ड्रायव्हर आतच आहे, म्हणून पुष्कळदा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डॅकच्या कंपनीनं मिक्सर टाळणारा एसिओ ड्रायव्हर दिला असेल तर तोही चालेल.

मॅकवर ड्रायव्हरची कटकट नाही, पण एक खोच आहे. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळणारा प्रकार) चालू केलं तरी मॅक गाण्यागणिक सॅम्पल रेट स्वतःहून बदलत नाही. ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये जो रेट ठेवला असेल त्याच्यात सगळं ओतलं जातं. तिथे ४४.१ ठेवून द्या. आपल्याकडचं बरंचसं संगीत त्याच मापाचं आहे. स्वतःच्या फाइल ऐकायच्या असतील तर ऑडिर्व्हानासारखा प्लेअर रेट आपोआप बदलतो. गंमत म्हणजे आयफोनला डॅक जोडला तर तोही हे आपोआप करतो. अँड्रॉइडचा मिक्सर विंडोजच्याच कुळातला आहे. मिक्सर टाळून थेट डॅकपर्यंत जाण्याची सोय अँड्रॉइड १४पासून आहे, पण अ‍ॅपनं ती वापरली तरच उपयोग.

आता तपासा. एक सीडीवरून काढलेली फाइल आणि एक ९६ किलोहर्ट्झची फाइल पाठोपाठ लावा. पुष्कळ डॅकवर रेट दाखवणारा आकडा किंवा रंग बदलणारा दिवा असतो. तो प्रत्येक फाइलबरोबर बदलला तर मिक्सर बाजूला झाला असं समजा. कम्प्युटरमधला आवाज १०० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरूनच करा. आधी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण खाली आणा, मग कम्प्युटर १०० करा. उलट केलंत तर ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) आणि शेजारी दोन्ही गमवाल.

गुणगुण आली तर

ही अडचण लॅपटॉपवाल्यांना फार येते. गाणं थांबवलं की स्पीकरमध्ये ‘हूंऽऽ’ असा ५० हर्ट्झच्या घरातला आवाज किंवा किरकिरी खरखर. चार्जर काढून बघा. गेली? मग चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगच्या वाटा मिळून एक वेटोळं तयार झालंय आणि त्यातून नको तो प्रवाह फिरतोय. पहिली युक्ती फुकटची आहे: दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. त्यानं भागलं नाही तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेटोळं तुटतं. आजच्या लॅपटॉपला सहसा ऑप्टिकल नसतं, पण यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी छोटी डबी मिळते. ऑप्टिकलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत निश्चिंत राहा. त्यापुढे काही यंत्रांत चालतं, काहींत अडखळतं.

अर्थिंगची पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते करू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

आणि गुणगुण फक्त लाइट गेल्यावर येत असेल, तर लॅपटॉपला दोष देऊ नका. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्हऐवजी चौकोनी लहर देतात आणि तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच घुमतो. त्याला स्ट्रीमर हे औषध नाही.

तिसरी पायरी: तुम्ही ऐकता ते येतं कुठून?

हा प्रश्न मी खरेदीच्या सल्ल्यात सगळ्यात वर ठेवेन, कारण परदेशी परीक्षणं वाचून यंत्र घेणाऱ्यांची निराशा इथेच होते. त्या परीक्षणांत टायडल आणि कोबझ या सेवा गृहीत धरलेल्या असतात. हे लिहीपर्यंत दोन्ही भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी गणित वेगळं आहे. पुण्यात किंवा सांगलीत बसून ‘यात टायडल कनेक्ट आहे’ या गुणाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अ‍ॅपल म्युझिक जून २०२१पासून जादा पैसे न घेता लॉसलेस देतं, २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. भारतात बसून हाय-रेझ ऐकण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग. पण बहुतेक स्ट्रीमरवर अ‍ॅपल म्युझिक स्वतंत्रपणे वाजत नाही. फोनवरून एअरप्लेनं, म्हणजे वायफायवरून आवाज पाठवण्याच्या त्यांच्या सोयीनं, पाठवावं लागतं, आणि त्या वाटेनं हाय-रेझ पोचत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या काही स्ट्रीमरवर अ‍ॅप टाकता येतं. म्हणजे अ‍ॅपल म्युझिक ही तुमची मुख्य सेवा असेल तर मॅक किंवा आयफोन आणि यूएसबी डॅक ही जोडी पुष्कळशा स्ट्रीमरपेक्षा वरचढ ठरते.

स्पॉटिफायचं उलट आहे. स्पॉटिफाय कनेक्ट असलेल्या स्ट्रीमरला फोन फक्त सांगतो की हे गाणं लाव, आणि स्ट्रीमर ते थेट सर्व्हरवरून ओढतो. फोन बंद केला तरी गाणं चालू राहतं. २०२५मध्ये स्पॉटिफायनं लॉसलेसही आणलं, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत. ब्लूटूथशी याची गल्लत करू नका. तिथे फोन गाणं पुन्हा दाबून लहान करून पाठवतो, आणि फोन आला की मैफल मोडते.

आता आपल्याकडची खास गोष्ट. जुन्या मैफली, आकाशवाणीवरचं जुनं गायन, नाट्यसंगीताच्या तबकड्यांवरून उतरवलेली पदं यांतलं पुष्कळ फक्त यूट्यूबवर सापडतं. मुख्य यूट्यूब बहुतेक ऑडिओ स्ट्रीमरवर वाजत नाही. जिओसावनसारखी सेवाही त्यांच्या यादीत क्वचितच असते. तुमच्या ऐकण्यातला मोठा वाटा असा असेल तर कम्प्युटर हटवू नका, मग स्ट्रीमर कितीही सुंदर असो.

महिनाभराची वही

लॅपटॉप नीट लागला की महिनाभर ऐका आणि जे खुपेल ते टिपा. ‘आवाजात हवा कमी वाटते’ असलं काही लिहू नका. लिहायचं ते हे: पंख्याचा आवाज येतो. मुलीला ऑनलाइन क्लासला लॅपटॉप लागतो तेव्हा गाणं बंद. गाणं बदलायला दर वेळी उठावं लागतं. आईला लावता येत नाही. विंडोज अपडेटमध्ये अडकलं. माझ्या वहीत ‘आईला लावता येत नाही’ हे पाच वेळा आलं होतं आणि आवाजाबद्दल एकही नोंद नव्हती.

वही कोरी राहिली तर अभिनंदन, तुमचा खर्च वाचला. गाणं बदलायला उठावं लागतं एवढीच तक्रार असेल तर फोनवर रिमोटचं अ‍ॅप टाका, फूबार आणि जेरिव्हर या दोन्ही प्लेअरसाठी तशी सोय आहे. पंखा, अडकलेला लॅपटॉप आणि घरातली इतर माणसं या तीन तक्रारी मात्र वेगळं यंत्र घेण्यासाठी पुरेशा आहेत.

मधली वाट: रास्पबेरी पाय

पत्त्यांच्या जोडाएवढा हा कम्प्युटर २०१२पासून मिळतोय. त्याला पंखा लागत नाही, वीज चार-पाच वॅट घेतो आणि त्यावर फुकटच्या संगीत प्रणाली चालतात: मूड ऑडिओ, व्होल्युमिओ, पायकोअरप्लेअर. पहिल्यांदा करणाऱ्यानं पाय ४ घ्यावा. पाय ३पर्यंत यूएसबी आणि नेटवर्क एकाच वाटेवरून जायचे, ४मध्ये त्या वाटा वेगळ्या झाल्या.

काम असं करायचं. चांगल्या कंपनीचं १६ किंवा ३२ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड घ्या. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्राम टाका आणि निवडलेल्या प्रणालीची इमेज कार्डावर लिहा. कार्ड पायमध्ये घाला, राउटरची वायर लावा, डॅक यूएसबीला जोडा, शेवटी वीज द्या. दोन मिनिटांनी फोनच्या ब्राउझरमध्ये मूडसाठी ‘मूड डॉट लोकल’ आणि व्होल्युमिओसाठी ‘व्होल्युमिओ डॉट लोकल’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाका. पडदा उघडला की आउटपुटमध्ये यूएसबी डॅक निवडा. लिनक्स या डॅकना सहसा ड्रायव्हरशिवायच ओळखतं.

चार्जर फोनचा जुना लावू नका. पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा त्याचा स्वतःचा अडॅप्टर लागतो. कमी पडला तर यंत्र मध्येच अडखळतं आणि माणूस बिचाऱ्या डॅकला शिव्या देतो.

लोडशेडिंगच्या गावात राहत असाल तर पायकोअरप्लेअर निवडा. तो चालू झाला की सगळा मेमरीत जाऊन बसतो आणि रोजच्या वापरात कार्डावर लिहीत नाही. अचानक वीज गेली तरी कार्ड खराब होण्याचा धोका अगदी थोडा. बाकीच्या प्रणाली मात्र व्यवस्थित बंद करायची सवय लावा. माझी दोन कार्डं पावसाळ्यातल्या वीजकपातीत गेली, तेव्हा हे शहाणपण आलं.

तयार स्ट्रीमर घेताना

पाय लावण्याची हौस नसेल तर तयार यंत्र घ्यावं, त्यात कमीपणा नाही. विम, ब्लूसाउंड, केंब्रिज ऑडिओ, एव्हरसोलो ही नावं परवडणाऱ्या ते मध्यम पट्ट्यात दिसतील. वर लुमिन, ऑरेंडर, इन्युओस, लिन, नेम अशी मंडळी. स्कॉटलंडच्या लिननं पहिला क्लायमॅक्स डीएस २००७मध्ये काढला आणि दोनच वर्षांत सीडी प्लेअर बनवणं थांबवलं. या क्षेत्राचं वळण तिथे दिसलं.

डिजिटल सिग्नल बाहेर काढून त्याच डॅकला दिला, तर खालच्या पट्ट्यातला नीट बनवलेला स्ट्रीमर आणि वरचा यांच्यात ऐकू येण्याजोगा फरक मला अंधपणे कधीच ओळखता आलेला नाही. वरच्या किमतीत धातूचं सुबक खोकं, चांगला पडदा, आतली डिस्क, उत्तम अ‍ॅप आणि कंपनीची साथ मिळते. त्यासाठी पैसे देणं गैर नाही, फक्त कशासाठी देतोय ते ठाऊक असावं.

मी स्वतः यंत्राआधी त्याचं अ‍ॅप बघतो. दुकानात जायच्या आधी कंपनीचं अ‍ॅप फोनवर उतरवा, चाळून बघा. यंत्राला हात क्वचित लागणार, रोज हाताळायचं आहे ते अ‍ॅप. ते आईच्या फोनवरही चालतं का? अक्षरं मोठी होतात का? देवनागरीतली गाण्यांची नावं दिसतात की चौकोन?

दुसरं म्हणजे गॅपलेस. अभंगाच्या किंवा मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आलाप एका ट्रॅकवर आणि बंदिश दुसऱ्यावर असते, पण मध्ये थांबायचं नसतं. काही यंत्रं नेटवर्कवरच्या फाइल वाजवताना त्या जोडावर अर्धा सेकंद गप्प बसतात. आपल्या पेनड्राइव्हवर अशी एक मैफल घेऊन जा आणि दुकानातच तो जोड ऐका.

तिसरं, आयुष्य. स्पीकर तीस वर्षं टिकतो, स्ट्रीमर मात्र सॉफ्टवेअर टिकेल तेवढाच. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५मध्ये आला, लोकांना फार आवडला आणि २०१९च्या सुरुवातीला बंद झाला. लॉजिटेकनं २००६मध्ये स्लिम डिव्हायसेस ही कंपनी घेऊन स्क्वीझबॉक्स चालवले, २०१२मध्ये ते बनवणं थांबवलं आणि त्यांची ऑनलाइन सेवा २०२४मध्ये मिटवली. तरीही जुने स्क्वीझबॉक्स आज वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर मुक्तस्रोत होता आणि हौशी लोकांनी तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं जिवंत ठेवलाय. नवं यंत्र घेताना म्हणूनच विचारा: कंपनी उद्या गेली तर हे साध्या यूपीएनपीनं (घरच्या नेटवर्कवरून फाइल वाजवण्याच्या सामायिक पद्धतीनं) किंवा एअरप्लेनं तरी वाजेल का?

खोक्यावरच्या चिन्हांना भुलू नका. एमक्यूए नावाचा, हाय-रेझ आवाज लहान करून पाठवण्याचा एक प्रकार २०१४पासून गाजला, त्याच्या चिन्हासाठी लोकांनी डॅक बदलले. २०२३मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४मध्ये टायडलनं त्याच्या जागी साधं फ्लॅक, म्हणजे काहीही न गाळणारा खुला फाइल प्रकार, आणलं.

नेटवर्क

जमलं तर वायर. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, साधी बिनशील्डची घ्या, गल्लीतल्या दुकानात मिळते ती. नेटवर्कच्या सॉकेटमध्ये मुळातच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे राउटरचा विजेचा गोंगाट बराचसा तिथेच अडतो. हजारो रुपयांचे ‘ऑडिओ’ स्विच हा पैसे घालवण्याचा एक राजरोस मार्ग आहे.

वायफायवर गाणं अडखळत असेल तर वेगाकडे नाही, गर्दीकडे बघा. अपार्टमेंटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर तीस शेजाऱ्यांचे राउटर ओरडत असतात. स्ट्रीमर ५ गिगाहर्ट्झवर टाका. मध्ये काँक्रीटची भिंत असेल तर ५ची लहर दमते, मग राउटर हलवा किंवा वायर ओढा.

सीडी, फाइल आणि रागांची नावं

घरात सीडी असतील तर त्या कपाटात ठेवू नका, उतरवून घ्या. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह आणि विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही प्रोग्राम तुमची प्रत जगभरच्या इतरांच्या प्रतींशी ताडून बघतात. जुळली तर सीडीवर होतं तेच उतरलं याची खात्री. साठवायचं फ्लॅकमध्ये. एक सीडी साधारण ३५० ते ४०० एमबी घेते, म्हणजे पाचशे सीडी २०० जीबीत बसतात. दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी.

आपल्या संगीताचा खरा गुंता टॅगमध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीत, आहे. गाणी वाजवणारे प्रोग्राम पाश्चात्त्य पॉपच्या हिशोबानं रचलेत: कलाकार, अल्बम, गाणं. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ असे तीन वेगळे गायक तुमच्या यादीत उभे राहतात. राग, ताल, साथीला कोण, याला जागाच नाही. एमपी३टॅग या प्रोग्राममध्ये बसून एकदाच नियम ठरवा. मी कलाकाराच्या रकान्यात उपाधी लिहीत नाही, शीर्षकात आधी राग, मग लय-ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द. प्रकारात ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग. आणि ‘राग’ नावाचा स्वतःचा वेगळा टॅग.

हा वेगळा टॅग तयार स्ट्रीमरची अ‍ॅपं सहसा वाचत नाहीत. कम्प्युटरवर चालणारे फूबार, जेरिव्हर आणि नेटवर्कवर फाइल पुरवणारा मिनिमसर्व्हर तो वाचतात. संध्याकाळी ‘मारवा’ दाबलं आणि घरातले सगळे मारवे समोर आले, हे सुख मला कम्प्युटरनं दिलं.

कम्प्युटर जिथे पुढे आहे: खोली

आपल्या बऱ्याच खोल्या १० बाय १२ फुटांच्या, खाली फरशी, भिंती उघड्या. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला आवाज साठून राहतो, कारण तिथे अर्धी लहर भिंत ते भिंत नेमकी बसते. तंबोऱ्याला त्याचं काही नाही, पण डग्ग्याच्या घुमाऱ्याखाली आणि चित्रपटगीतांतल्या बासमध्ये ते जाणवतं. आधी सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट, आणि स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे. या गोष्टी मुख्यतः वरचा खणखणाट आवरतात, खालचा घुमारा स्पीकरची आणि आपली जागा बदलून कमी होतो. उरलेल्यासाठी मोजणी. यूएसबीचा मोजणीचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा फुकट प्रोग्राम घेऊन एका रविवारी खोलीचा आलेख काढता येतो. त्यातून निघालेलं फिल्टर विंडोजवर इक्वलायझर एपीओमध्ये टाकायचं, पायवर कॅमिलाडीएसपीत. मात्र एपीओ विंडोजच्या मिक्सरमध्ये बसतो, त्यामुळे एक्सक्लुझिव्ह मोड लावला तर तो बाजूला पडतो. दोन्ही हवं असेल तर प्लेअरमध्येच फिल्टर बसवा. काही स्ट्रीमरमध्येही आता खोली दुरुस्तीची सोय येते, पण इतकं मोकळं रान मिळत नाही. माझ्या खोलीत या एका रविवारनं जो फरक पडला तो कुठल्याही खोक्यानं पडला नव्हता.

घ्यायच्या आधी एक परीक्षा

दुकानदार घरी आणून बघू देत असेल तर लॅपटॉप आणि स्ट्रीमर दोन्ही एकाच डॅकला जोडा, दोघांचा आवाज १०० टक्क्यांवर. डॅक एकच असल्यानं पातळी आपोआप सारखी राहते. वेगळ्या डॅकची तुलना करताना ही सोय नसते, आणि जरासं मोठं वाजणारं यंत्र नेहमी ‘जास्त छान’ वाटतं. घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा, तुम्ही पाठ फिरवून बसा. दहा वेळा ओळखायचं. नुसत्या अंदाजानं नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता साधारण १ टक्का आहे. तेवढे आले तर तुमचा कान खरंच काही पकडतोय, घेऊन टाका. पाच-सहा आले तर वहीतल्या तक्रारींवर निर्णय घ्या.

स्ट्रीमर आलाच तर जुना लॅपटॉप मोडीत काढू नका. त्यावर लिरियन किंवा मिनिमसर्व्हर टाका, झाकण मिटल्यावर झोपू नये असं सेटिंग करा आणि राउटरशेजारी कपाटावर ठेवून द्या, हवा खेळेल असा. बॅटरी फुगलेली नाही ना, ते दर काही महिन्यांनी बघत जा. बॅटरी धड असेल तोवर लाइट गेली तरी सर्व्हर चालू राहतो. आमच्याकडे तो तिथे आहे, आई तिच्या फोनवरून नाट्यपदं लावते आणि मला आवाज कमी करायला सांगावं लागतं.